‘माहिती गोपनीय आहे’ एवढंच उत्तर आलं तर?

तुम्ही विचारलंय की रस्त्याच्या कामाची कागदपत्रं माहिती अधिकारात मागितली, तर ‘सदर माहिती गोपनीय असल्याने देता येत नाही’ असं एका ओळीचं पत्र आलं, आता काय करू?

आधी त्या पत्रात कलम लिहिलंय का बघा. नसेल तर तुमचं काम सोपं झालं. नुसतं ‘गोपनीय’ म्हणून माहिती नाकारता येत नाही. २००५च्या कायद्यात नकाराची कारणं कलम ८ आणि ९ मध्ये मोजून दिली आहेत. देशाची सुरक्षा, व्यापारी गुपित, वगैरे. डांबर आणि खडी त्यात कुठे बसवणार? शिवाय कलम ७(८) प्रमाणे नाकारताना कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कोण, हे तिन्ही कळवावंच लागतं.

मलाही असंच पत्र आलं होतं. खाली गोल शिक्का, त्यावर न वाचता येणारी सही. चूक थोडी माझीही होती. ‘कामाची संपूर्ण माहिती द्यावी’ असं मोघम लिहिलं होतं, आणि मोघम अर्ज टोलवायला बरा पडतो. अपिलात मी फक्त मोजमाप पुस्तिका (किती काम झालं त्याची नोंदवही) आणि अंतिम देयकावर बोट ठेवलं. सुनावणीत अपिलीय अधिकारी साहेबांनी विचारलं, “कुठल्या कलमाखाली नाकारलंत?” माहिती अधिकारी बराच वेळ फाईल चाळत राहिले. मग म्हणाले, “चौकशी चालू आहे.”

हे तुम्हालाही ऐकायला मिळेल. ते कलम ८(१)(ज), इंग्रजी प्रतीत (h). पण नुसती चौकशी चालू असणं पुरत नाही, कागद दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच तसं म्हटलंय. आणि नकार बरोबर होता हे सिद्ध करायचं ओझं कलम १९(५)ने त्यांच्यावर टाकलंय, तुमच्यावर नाही. कोणी १९२३चा शासकीय गुपिते कायदा पुढे केलाच, तर माहिती अधिकार कायद्याचं कलम २२ दाखवा: त्या कायद्यापेक्षा हा वरचढ. मला शेवटी पुस्तिकेच्या प्रती मिळाल्या, दोन ठिकाणी काळी शाई फासलेल्या. त्याला हरकत नाही, कलम १० तेच सांगतं: देण्याजोगं नसेल तेवढं झाका, बाकीचं द्या.

तर पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील टाका. राज्य सरकारचं कार्यालय असेल तर जोडपत्र ‘ब’ हा अपिलाचा नमुना, वर २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं, पण तिथे तारीख लागेपर्यंत रस्त्याला पुन्हा खड्डे पडतात. म्हणून सगळे मुद्दे, कलमांसकट, पहिल्याच अपिलात लिहा. आणि आवक-जावकच्या टेबलावरून तारखेची पोच घेतल्याशिवाय हलू नका. माझी एकदा राहिली, आणि अपील आलंच नाही असं उत्तर मिळालं होतं.