पुढचं दार बंद, परसदार उघडं

'ताई, मी 22 वर्षांची. गाव श्रीरामपूरजवळ, पुण्यात नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चर्चच्या तरुण संघातल्या एका मुलाशी दोन वर्षं जुळलं होतं. आता त्याचं लग्न दुसरीकडे ठरलंय. शिबिरात पाळकसाहेबांनी "अंतःकरण राख" हा संदेश दिला आणि वाटलं, मी ते राखलंच नाही, तारुण्य वाया घालवलं. तेव्हापासून गायनमंडळ सोडलंय, मैत्रिणींशी बोलत नाही. रात्री मात्र त्याचे फोटो बघत जागते. काय करू?'

बाळ, तुला सलाम.

आधी रडून घे. मित्र लाजराच्या कबरेपाशी प्रभू येशूही रडला होता.

पण एक सांगते. तू पुढचं दार लावून घेतलंस आणि परसदार उघडं ठेवलंस. तुझ्यावर जीव लावणारी माणसं बाहेर, आणि जे दुखतंय ते रोज रात्री आत. याला राखणं म्हणत नाहीत, पोरी.

बायबलातलं नीतिसूत्रे 4:23 पुन्हा काढ. अंतःकरण का राखायचं? त्यात जीवनाचा उगम आहे म्हणून. विहिरीचा झरा राखायचा म्हणजे गाळ उपसायचा, घाण पडू द्यायची नाही. झराच बुजवला तर राखलं काय? पुढची 24 ते 27 ही वचनं आपण फारशी वाचत नाही. तिथे तोंड, डोळे आणि पाय यांच्याविषयी सांगितलंय. तुझा प्रश्न सध्या डोळ्यांचा आहे. त्याचं खातं आज ब्लॉक कर, आणि रात्री दहानंतर मोबाइल रूममेटकडे दे. यात त्याचा राग नाही आणि तुझा कमकुवतपणाही नाही.

'वाया घालवलं' हे तर मला मुळीच पटत नाही. उपदेशक या पुस्तकातलं 'तारुण्यात आपल्या निर्माणकर्त्याला स्मर' हे तुला पाठ असेल. त्याच्या आधीचं 11:9 बघ, तिथे तरुणाला आनंद कर म्हटलंय. देव जाब विचारील हेही तिथेच आहे, पण आनंद आधी आहे. पुढच्याच वचनात मनातला खेद दूर करायला सांगितलंय.

पंडिता रमाबाई 1882 मध्ये विधवा झाल्या. वय अवघं 23, कडेवर लेक मनोरमा. आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गेलेले, भाऊही गेलेला. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज सुरू केला आणि शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असं ठणकावलं. तेव्हा त्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. दुःख नसल्यासारखं वाग, असं यातून सांगत नाहीये. त्यांनी दुःखासकट कामाला हात घातला. तुझा युनिफॉर्म अंगावर चढतो तो त्याच वाटेने आलाय. उद्या वॉर्डात एखाद्या एकट्या आजीपाशी पाच मिनिटं जास्त थांब.

मंडळीतल्या एखाद्या जाणत्या बाईंना सगळं सांग आणि त्यांच्यासोबत प्रार्थना कर. झोप आणि जेवण असंच बिघडलेलं राहिलं तर डॉक्टरांना दाखव. त्याने विश्वास उणा पडत नाही, हे तूच पेशंटला सांगशील.

आणि या आठवड्यात गायनमंडळाच्या सरावाला जा. मागच्या ओळीत उभी राहा. आवाज नाही फुटला तरी चालेल, शेजारच्या मैत्रिणी सूर धरतील.

तुझी ताई