बाळाला आतल्या खोलीत ठेवू नकोस

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाळाला डाऊन सिंड्रोम आहे म्हणून नणंदेचं लग्न जमेपर्यंत बाळाबद्दल बाहेर काही बोलायचं नाही असं सासूबाईंनी बजावलं आणि तू हो म्हणालीस, सव्वा महिना पण झाला नव्हता तुला, त्या अवस्थेत काय भांडणार होतीस, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. मी पण गप्पच बसले होते.

माझ्या लेकीलाही डाऊनच, आता 27 वर्षांची आहे, तिचं बारसं झालंच नाही. पाहुणे आले की तिला घेऊन मी आतल्या खोलीत जायचे. चार वर्षांची असताना एकदा बेल वाजली, तर कोणी काही न सांगता तिने हातातला चपातीचा तुकडा ताटात ठेवला, स्वतःच उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं. धड बोलता येत नव्हतं तिला तेव्हा, पण एवढं शिकली होती आणि शिकवलं होतं मीच. अजून आठवलं की पोटात तुटतं गं.

सासूबाईंचा राग राग करू नकोस पण. माझ्या सासूबाई शेवटच्या आजारपणात एका रात्री म्हणाल्या, माझा धाकटा भाऊ असाच होता, माणसं आली की गोठ्यात बसवायचे त्याला. त्याला डाऊनच होतं की दुसरं काही, ते आता कळायला मार्ग नाही, तपासलंय कोणी. इतकी वर्षं ते पोटात ठेवून त्या माझ्या लेकीकडे बघत होत्या.

आता कामाचं. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, याच आठवड्यात करून घे, बाळ कितीही गुटगुटीत दिसू दे. डाऊनच्या जवळजवळ निम्म्या मुलांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. ओळखीचं कोणी भेटेल म्हणून आम्ही दवाखानेच टाळत राहिलो आणि छिद्र सापडलं तेव्हा लेक 14 महिन्यांची होती. कान, डोळे बघून घे, थायरॉईड तर दरवर्षी. अंग सैल असतं या मुलांचं, मान धरायला, बसायला वेळ लागतो, त्यामुळे फिजिओ लवकर सुरू कर, जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (अशा लहान मुलांच्या तपासणी-उपचाराचं सरकारी केंद्र) आहे का विचार, तिथे फुकट होतं. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आणि निरामय विमा (अशा मुलांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, 1 लाखापर्यंत) नंतर बघू, ते मी सांगेन.

आणि कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, रिपोर्ट घे, तो नणंदेसाठी पण. शंभरातल्या साधारण 95 मुलांत 21 नंबरचं गुणसूत्र एक जास्तीचं असतं, ते घराण्यातून येत नाही, गर्भ राहतानाच तसं होतं, ग्रहणात तू काही चिरल्याने तर नाहीच नाही. तीन-चार जणांत ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं, त्याला ट्रान्सलोकेशन म्हणतात, आणि त्यातल्या काहींनाच ते आईकडून किंवा बापाकडून आलेलं असतं. तुझ्या नवऱ्याकडून आलंय असं निघालं तरच नणंदेला तपासायची गरज. म्हणजे बाळ लपवून तिचं काहीच राखलं जात नाही, रिपोर्ट मात्र तिच्या उपयोगाचा आहे. हे सासूबाईंना नवऱ्याने समजावू दे, तू नको.

रिपोर्ट आला की फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल. आणि नाव काय ठेवताय गं? चार पानी पत्रात तू नुसतं बाळ बाळ लिहिलंयस.

तुझी मावशी