निसर्गचित्रणासाठी मॅन्युअल फोकस वापरावा की ऑटोफोकस?

दापोलीच्या किनाऱ्यांवर 18-55 मिमीच्या किट लेन्सने (कॅमेऱ्यासोबतच मिणाऱ्या साध्या झूम लेन्सने) छायाचित्रे काढताना फोकस हाताने करावा की कॅमेऱ्यावर सोपवावा, असे आपण विचारले आहे. दिवसाउजेडी ऑटोफोकसच वापरावा, आणि ‘खरा छायाचित्रकार फोकस हातानेच करतो’ असे सांगणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करावे.

हे वाक्य मी आमच्याकडील एका ज्येष्ठ छायाचित्रकारांच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. एकदा हर्णैला, कनकदुर्गाजवळच्या कातळावर, आम्ही काही जण सुवर्णदुर्ग टिपण्यासाठी उभे असताना त्यांनी सर्वांना ऑटोफोकस बंद करून फोकसची रिंग टोकापर्यंत, म्हणजे त्यांच्या मते अनंतावर (सर्वांत दूरच्या फोकसवर), फिरवायला लावली. ऑटोफोकसच्या बहुतेक लेन्सची रिंग अनंताच्या थोडी पुढेही जाते, कारण तापमानामुळे होणाऱ्या फरकासाठी तेवढी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. त्यामुळे रिंग टोकाला नेली की दूरचा तटही मऊ येतो आणि पुढचा खडक तर हातचा जातोच. मी मात्र कॅमेऱ्यापासून दीडेक मीटरवरच्या, कालवांनी भरलेल्या खडकावर ऑटोफोकस केला, तो फोकस हलू नये म्हणून लेन्सवरील कळ मॅन्युअलवर सरकवली आणि मग चौकट जुळवली. माझ्या चित्रात कालवांच्या कडा आणि बुरूज दोन्ही रेखीव आले. त्यावर ‘तुमची लेन्स महाग असेल’ एवढेच ते म्हणाले. होती आपल्यासारखीच, किट लेन्स.

दीड मीटर हा आकडा हवेतला नाही. क्रॉप सेन्सरवर (बहुतेक साध्या कॅमेऱ्यांतील लहान सेन्सरवर) झूम 18 मिमी आणि लेन्सचे छिद्र एफ/11 इतके लहान असताना हायपरफोकल अंतर, म्हणजे जेथे फोकस केल्यास दूरचे सारे स्पष्ट येते असे सर्वांत जवळचे अंतर, साधारण तेवढेच येते, आणि तेथे फोकस केल्यास पाऊण मीटरपासून अनंतापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट दिसते. ज्या किट लेन्सवर अंतराची पट्टीच नसते, तिच्यावर हे अंतर नुसत्या हाताने कसे लावावे, याचे उत्तर त्या गृहस्थांनी आजतागायत दिलेले नाही.

अर्थात, सूर्य बुडाल्यावर किंवा पावसाळी धुरकट हवेत ऑटोफोकस चाचपडत राहतो. तेव्हा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, चित्र मोठे करून रिंग हातानेच फिरवावी लागते, हे मान्य करायला हवे. बऱ्याच प्राथमिक डीएसएलआर कॅमेऱ्यांमध्ये कडेचे फोकस बिंदू (चौकटीतील ज्या जागांवर ऑटोफोकस होतो ते) एकाच दिशेच्या रेषा ओळखतात आणि क्षितिजाच्या आडव्या रेषेवर फसतात, म्हणून मधलाच बिंदू निवडावा. झूम बदलला की फोकस पुन्हा करावा. 55 मिमीवर तेच हायपरफोकल अंतर जवळजवळ 14 मीटर होते, तेव्हा तेथे पुढचा खडक चौकटीतून वगळलेलाच बरा.