लॅपटॉपवर पहिली परीक्षा घेताना

मॅडम, पहिलीच वेळ आहे ना, मग परीक्षेच्या आठवडाभर आधी प्रत्येक लॅपटॉप स्वतःच्या हाताने उघडून बघा. परीक्षा संपेपर्यंत लॅपटॉपवर दुसरं काही उघडू न देणारा सेफ एक्झाम ब्राउझर विंडोज, मॅक आणि आयपॅडवर चालतो, क्रोमबुकवर नाही. मोफत आहे, झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात तयार झालेला.

खरी मेख या ब्राउझरमधून बाहेर पडण्याच्या पासवर्डात आहे. सेटिंगच्या फाइलमध्ये तो घाला आणि कागदावर लिहून वर्गावरच्या शिक्षकांच्या हातात द्या. आमच्याकडे एकदा एका मुलीचा स्क्रीन पांढराच राहिला. पासवर्ड ठाऊक असलेले सर त्या दिवशी डिचोलीला गेलेले, पोर रडकुंडीला आली. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं. असं अर्धवट बंद केलं की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर (चालू प्रोग्राम दाखवणारं, बंद करणारं साधन) वगैरे बंदच राहू शकतं. मग ब्राउझरबरोबर येणारं रीसेटचं साधन चालवायचं, घाबरून फॉरमॅट करू नका!

परीक्षेआधी मुलांना दहा गुणांची लुटुपुटूची चाचणी द्याच. स्क्रीनवरच्या खिडक्या बदलता येत नाहीत हे त्यांना तेव्हाच कळू दे.

आपल्या पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून चार्जिंग पूर्ण हवं आणि राउटर इन्व्हर्टरवर. मूडलवर (ऑनलाइन वर्ग आणि चाचण्या घेण्याच्या प्रणालीवर) प्रश्नपत्रिका असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे उत्तरं साधारण मिनिटागणिक आपोआप जतन होतात, एवढा आधार असतो.

आणि मोबाइल दाराशीच गोळा करा. ब्राउझर लॅपटॉपला कुलूप घालतो, खिशाला नाही.