बोटीत चौथा हिस्सा घ्यावा का?

प्रश्न: वय ४१, राहणार दहिसर. माझा हातात येणारा पगार ८८,०००, पत्नीचा ३४,०००. गृहकर्जाचा हप्ता ३८,०००, बाकी घरखर्च ५७,०००, एसआयपी १२,०००. मुलगी नववीत. बँकेत १ लाख ६० हजारांची एफडी आहे. मला गळाने मासे गरवण्याचा जुना नाद आहे. महिन्याला साधारण पाच हजार जातात, पण घरची मासळी सुटते, वर्षाला २२ किलो. आता आम्ही चौघे मित्र मिळून ७ लाखांची जुनी १९ फुटी फायबर बोट घेतोय, ४० एचपीच्या आउटबोर्ड (बोटीच्या मागे टांगायच्या) इंजिनसह. माझा वाटा पावणेदोन लाखांचा. एफडी मोडून आणि बोनसमधले थोडे घालून देईन. शिवाय ६२,०००चा पॉपिंगचा (पाण्यावर उडणाऱ्या आमिषाने मोठे मासे गरवण्याचा) रॉड-रीळ सेट १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यायचा आहे. भाड्याच्या बोटीला दर फेरीला माझ्या वाट्याचे ३,५०० जातात, ते वाचतील, आणि वर्षाला १८ फेऱ्या होतील. घ्यावं का?

उत्तर: बोट घेऊ नका. सेटही आत्ता नको. गरवणं बंद करायची मात्र काही गरज नाही.

आधी त्या ‘साधारण पाच हजारां’बद्दल. तुम्ही पाठवलेल्या बारा महिन्यांच्या बँक स्टेटमेंटवर पेन्सिल फिरवली, तर बोटीच्या १४ फेऱ्यांचे ४९,०००, ल्युअर्सचे (नकली आमिषांचे) २२,०००, लाईन, लीडर (लाईनच्या टोकाचा जाड दोरा) आणि गळांचे ९,५००, अलिबाग-मुरुडच्या प्रवासाचे २६,०००, एका नव्या रॉडचे ११,००० आणि खाण्यापिण्याचे ८,००० निघाले. बेरीज १,२५,५००, म्हणजे महिन्याला साडेदहा हजार. हा घोळ बहुतेकांचा होतो. माणूस दुकानातली खरेदी तेवढी मोजतो; पेट्रोल, टोल आणि वाटेवरची मिसळ त्याच्या हिशेबात छंदाची नसतेच. मासळीचंही तसंच. वर्षात २२ किलो घरी आली असं तुम्ही लिहिता. किलोला ६०० धरले तरी ती १३,२००ची होते, आणि खर्चाला २२ने भागलं तर तुमचा जिताडा किलोला ५,७०० रुपयांना पडला. आनंदासाठी एवढे खर्च करायला हरकत नाही, फक्त त्याला बचत म्हणू नका.

आता बोट. विकत घ्यायची किंमत हा यातला सोपा भाग. खाडीत नांगरून ठेवायचं भाडं आणि राखणदार मिळून महिन्याला ५,००० धरा, वर्षाचे ६०,०००. पावसाळ्यात बोट वर ओढणं, झाकणं, तळ घासून रंगवणं: ३५,०००. इंजिनची सर्व्हिसिंग दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा चुकत नाही. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, फिल्टर, प्लग, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे अॅनोड यांचे २५,०००. विमा आणि शुल्क २०,०००. जुन्या इंजिनच्या अचानक दुरुस्तीला ४०,००० बाजूला. एकूण १,८०,०००, तुमचा वाटा ४५,०००. पाच वर्षांनी तुमच्या हिश्शाचे लाखभर परत आले तर वर्षाला १५,०००ची घट. अडकलेल्या पावणेदोन लाखांवरचं बुडालेलं व्याज सात टक्क्यांनी १२,२५०. म्हणजे बोट पाण्यात न उतरवताही तुमचे वर्षाला ७२,२५० गेले.

उतरवली की पेट्रोल आलं. ४० एचपीचं इंजिन धावत्या वेगात तासाला साधारण १२ लिटर पितं. तीन तास धावणं आणि बाकी वेळ रेंगाळणं मिळून ४० लिटर, लिटरला १०४ धरून ४,१६०. तांडेलाचे (बोट हाकणाऱ्याचे) २,०००, बर्फ आणि आमिषाचे ८००. चौघांत वाटून फेरीला १,७४०. भाड्यापेक्षा फेरीमागे १,७६० वाचतात हे खरं, पण ७२,२५०ला १,७६० ने भागा. वर्षाला ४१ फेऱ्या केल्या तर बोट भाड्याच्या बरोबरीला येते. सप्टेंबर ते मे या नऊ महिन्यांत रविवार असतात ३९. त्यातले लग्नांचे, परीक्षांचे आणि वाऱ्याचे वजा करा. बोट आली की १८ फेऱ्या होतील असं तुम्हीच म्हणता. १८ फेऱ्यांना एक फेरी ५,७५४ला पडेल. भाड्याने तीच ३,५००ला मिळते.

मित्र ऐकणार नाहीत आणि घेतीलच, तर निदान त्यांना एवढं करायला सांगा. गिअर ऑइल काढून बघा. दुधाळ दिसलं तर सील गेलं आहे आणि आत पाणी शिरतंय. इंजिन चालू असताना मागून पडणारी पाण्याची धार बारीक असेल, तर इम्पेलर झिजलाय किंवा मिठाने पाण्याच्या वाटा बुजल्यात. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. इंजिन ज्या फळीवर टांगतात ती ठोकून बघा. आवाज बोदा आला तर आतलं लाकूड कुजलंय. नोंदणी आणि विमा चौघांच्या नावावर, आणि एकाला बाहेर पडायचं झालं तर हिस्सा कोण, कोणत्या भावाने घेणार हे कागदावर. भागीदारीत भांडण सुरू होतं ते ह्या शेवटच्या मुद्द्यावरून.

पॉपिंगचा सेट. आठ फुटी जड रॉड आणि १४००० नंबरच्या मापाचं रीळ हे अंदमान-लक्षद्वीपच्या स्वच्छ पाण्यातल्या मोठ्या माशांचं हत्यार. मढ-मार्वेच्या गढूळ पाण्यात जिताड्याला, तांबोशीला ४००० नंबरचं रीळ आणि २०-३० पौंडांची ब्रेडेड (विणलेली) लाईन पुरते, आणि ती तुमच्याकडे आहे. अंदमानला गेलातच तर चार्टरवाल्याकडे सेट भाड्याने मिळतो का विचारा. हप्ता ५,१६७ येईल. घरखर्च, हप्ता, एसआयपी आणि छंदाचे साडेदहा हजार जाता तुमच्याकडे महिन्याअखेर उरतात साडेचार हजार. शिवाय ‘नो-कॉस्ट’मध्ये रोखीची सूट हातची जाते, प्रोसेसिंग फी लागते आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी बसतो.

छंदाला महिन्याला ६,५०० बांधून घ्या, वर्षाला ७८,०००. १२ फेऱ्यांचे ४२,०००, प्रवास १४,०००, ल्युअर्स १०,०००, लाईन आणि गळ ६,०००, खाणं ४,०००, २,००० उरतात. प्रवास निम्म्यावर आणायला निम्म्या फेऱ्या जवळच्या खाडीत करा. ल्युअर्सचा आकडा निम्म्याहून खाली येईल का, हा प्रश्न रास्त आहे. गेल्या वर्षीचे २२,००० म्हणजे सरासरी ५५० चे ४० ल्युअर्स, आणि त्यातले बरेच खडकात नाहीतर कांदळवनाच्या मुळांत गेले असणार. ब्रेडेड लाईनचं टोक घासून कमजोर होतं, म्हणून दर दोन-तीन फेऱ्यांनी शेवटचे दोन-तीन मीटर कापून नवी गाठ मारा. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण सुरीसारखं असतं. लीडर ४०-५० पौंडांचा ठेवा. खडकाळ जागी तीन काट्यांच्या गळाऐवजी एकेरी गळ लावा, कमी अडकतो. हंगाम संपला की लाईन उलटून भरा, आतली न वापरलेली बाजू वर येते आणि एका लाईनीत दोन हंगाम निघतात. फेरीहून आल्यावर ड्रॅग (रिळाचा ब्रेक) घट्ट करून रीळ हलक्या धारेखाली धुवा, पुसून ड्रॅग सैल करा. जोराच्या फवाऱ्याने मीठ बेअरिंगमध्ये ढकललं जातं.

फेरीचा दिवसही ऑफिसच्या सुट्टीवरून ठरवू नका. उधाणाला मुंबईत भरतीचं पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं, खाडी ढवळून निघते आणि माशाला ल्युअर दिसत नाही. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पाणी निवळतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे मिळते, अष्टमीला सहा. हे ज्ञान फुकट आहे.

एफडीला हात नको. तुमचा महिन्याचा खर्च हप्त्यासकट ९५,०००, म्हणजे ही १ लाख ६० हजारांची एफडी दोन महिनेही पुरत नाही. छंदातले वाचलेले ४,००० आणि आधीचे उरणारे ४,५०० मिळून दरमहा ८,५०० आवर्ती ठेवीत टाका. २६ महिन्यांत ही एफडी धरून चार महिन्यांच्या खर्चाएवढे, ३ लाख ८० हजार, जमतील. तोवर मुलगी अकरावीत असेल आणि क्लासची फी दारात. जून-जुलैत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा त्या दोन महिन्यांचे १३,००० खर्चून टाकू नका. रिळांची सर्व्हिसिंग आणि नवी लाईन त्यातूनच होऊ द्या, नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीचे पैसेही त्यातूनच निघतील.