सहावीच्या वर्गात गणिताचे स्वागत

प्रश्न : मी यंदापासून जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवणार आहे. पहिला आठवडा पुस्तक न उघडता मुलांना या विषयाची ओळख करून द्यावी, असे मनात आहे. परंतु गणिताचा रोजच्या जगण्यात उपयोग काय, या प्रश्नावर बाजारहाट आणि सुटे पैसे यांपलीकडे मला फारसे सुचत नाही. शिवाय बऱ्याच मुलांचे पाढे कच्चे आहेत. त्यांना सोबत कसे घ्यावे?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाजारहाटाचा हिशेब मुले तिसरी-चौथीपासून करत आलेली असतात, त्यामुळे त्यात त्यांना नवे काही वाटत नाही. उपयोगांची यादी फळ्यावर लिहून देण्यापेक्षा, घरी मोठी माणसे ज्यावर रोज बोलतात पण जे सहसा कोणी मोजून दाखवत नाही, असे एकच काही निवडावे आणि त्यावर दोन-तीन दिवस खर्च करावेत, असे मला वाटते. तुमच्या भागात त्यासाठी गुंठा सर्वांत योग्य आहे.

गुंठा हा शब्द प्रत्येक मुलाने ऐकलेला असतो, पण एक गुंठा जमीन डोळ्यांपुढे आणा म्हटले की वर्ग गप्प होतो. मुलांना मैदानावर न्या आणि दोरी, खुंट्या व मोजपट्टी देऊन ३३ फूट बाजूचा चौरस आखायला सांगा. चारही बाजू बरोबर मोजूनसुद्धा पहिल्या प्रयत्नात आकृती बहुधा तिरकी होईल. ती लगेच दुरुस्त करू नका. चारही बाजू ३३ फूट असताना हा चौरस का नाही, यावर मुलांना वाद घालू द्या. मग दोन्ही कर्ण मोजायला लावा. ते सारखे आले, म्हणजे साडेसेहेचाळीस फुटांहून किंचित जास्त भरले, की कोपरे काटकोनात बसले. बांधकामावरचे गवंडी पायाची आखणी करताना हेच करतात, आणि गवंडीकाम करणाऱ्या पालकाला त्या दिवशी शाळेत बोलावता आले तर फारच चांगले.

आता ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा झाला एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. येथून सातबाऱ्याकडे जाता येते. त्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा क्रमाने ०.८१.०० असे लिहिलेले असते, आणि एकाच संख्येत दोन टिंबे पाहून मुले हमखास प्रश्न विचारतात. १०० चौरस मीटरचा एक आर आणि १०० आरचा एक हेक्टर, हे कळले की ८१ आर म्हणजे ८,१०० चौरस मीटर हे त्यांचे त्यांनाच काढता येते. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटर भरतो, म्हणजे आर आणि गुंठा जवळजवळ सारखे. त्यावरून हे क्षेत्र साधारण दोन एकर आहे, असा अंदाज तोंडी बांधता येतो. ०.०५ हेक्टर आणि ०.५ हेक्टर यांत पाच आर आणि पन्नास आर एवढा फरक आहे, हे ज्याला जमिनीवर दिसले, तो दशांश चिन्हानंतरचे शून्य सहसा विसरत नाही. मात्र मुलांना घरचा सातबारा आणायला सांगू नका. काही घरांत जमीनच नसते आणि काही घरांत तिच्यावरून भांडणे असतात. तुम्ही स्वतः एक काल्पनिक उतारा तयार करावा.

सातवीसाठी घरगुती विजेचे बिल घ्यावे. १०० युनिटांच्या वर गेलो की सगळ्याच युनिटांना वाढीव दर लागतो, असे अनेक मोठ्या माणसांनाही वाटते. हिशेबाच्या सोयीसाठी पहिल्या १०० युनिटांना पाच रुपये आणि पुढच्या २०० युनिटांना दहा रुपये दर धरा. मग १०१ युनिटांचा वीज आकार ५१० रुपये होतो, १,०१० नव्हे. हा नियम कोणत्याही महिन्यासाठी एका ओळीत लिहून दाखवा, असे म्हणताच युनिटांच्या जागी अक्षर वापरण्याची गरज मुलांना स्वतःलाच जाणवते आणि बीजगणिताला सुरुवात होते.

उपयोगाबाबत मुलांशी प्रामाणिक राहावे, हेही आवर्जून सांगते. गणितातील प्रत्येक गोष्ट रोज कामाला येत नाही, आणि तरीही ती करावीशी वाटते. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर यांना ६१७४ ही संख्या अशाच आवडीतून सापडली. सगळे अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. कोणत्याही संख्येला सातहून अधिक पायऱ्या लागत नाहीत. प्रत्येक मुलाने आपली वेगळी संख्या घेतली, तर तासभर सारा वर्ग वजाबाकीत गुंग राहतो आणि हातच्याचा सराव न सांगता होतो.

पाढे कच्चे असलेल्या मुलांसाठी पाढ्यांचा तक्ता भिंतीवर उघडपणे लावा आणि तो पाहण्याची मुभा द्या, म्हणजे ती मुले मोजणीपासून आणि वादापासून दूर राहणार नाहीत. त्याच वेळी तोंडी युक्त्या रोज थोड्या शिकवा : सात चोक अठ्ठावीस येत असेल, तर त्याची दुप्पट छप्पन्न म्हणजेच सात आठे. पाढा न आल्याबद्दल पहिल्या आठवड्यात कोणालाही उभे करू नका. पाढे कोणाचे कुठे अडतात, हे ६१७४ आणि गुंठ्याच्या हिशेबांतून तुम्हाला आपोआप दिसेल, आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्या मुलांना तेवढेच पाढे वेगळे द्यावेत.