लवकर पाळी आली म्हणजे लवकर संपणार का?

"मॅडम, इतक्या लवकर पाळी आली, पुढे मूल होईल ना तिला?" गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्या आयांकडून ऐकलाय, की एकदा त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं होतं. पुढच्या प्रसंगातले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चौथीतल्या एका मुलीला साडेनवव्या वर्षी पाळी आली. डॉक्टरांनी तपासण्या करून काळजीचं कारण नाही असं सांगितलं होतं. तरी आईने दूध-चिकन बंद केलं, खो-खो सोडायला लावला. मुलगी गप्प गप्प राहू लागली, तेव्हा दोघी माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या.

पहिल्या भेटीत मुलगी एकच वाक्य बोलली. "माझी अंडी लवकर संपणारेत." आई फोनवर मावशीशी बोलताना तिने ते ऐकलं होतं.

मी आईला समजावलं. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोशांत (अंडाशयांत) 10 ते 20 लाख बीजं, म्हणजे ती म्हणाली ती 'अंडी', असतात. पाळी सुरू होईपर्यंत त्यातली 3 ते 4 लाख उरतात. त्यांतली जेमतेम 400-500 आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात. बाकीची आतच जिरतात, पाळी सुरू होण्याआधीही आणि गरोदरपणातही. त्यामुळे पाळी दोन-तीन वर्षं आधी आली म्हणून साठा तेवढा आधी संपेल, हा हिशेबच चुकीचा आहे. मूल होण्यात बाईचं त्यावेळचं वय जास्त महत्त्वाचं. पस्तिशीनंतर शक्यता वेगाने कमी होत जाते.

तिने मान डोलावली. पुढच्या भेटीत प्रश्न पुन्हा तोच!

माणसाला घटनेपेक्षा तिचा त्याने लावलेला अर्थ जास्त छळतो, असं मी मानते. हा अर्थ तिने कुठून आणला, ते शोधायचं होतं. तिसऱ्या भेटीत विचारलं, "तुम्हाला कितव्या वर्षी आली?"

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सोळाव्या. आजी रोज विचारायची. चारचौघींत म्हणायची, हिला अजून न्हाण नाही, हिला पोर कुठलं व्हायला? लग्नानंतर चार वर्षं काही झालं नाही, तेव्हा सासूबाईंनी तेच उकरून काढलं."

"तुमची उशिरा आली म्हणून मूल होणार नाही. हिची लवकर आली म्हणून होणार नाही. मग वेळेवर आली तरी कुणाची?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मीच माझी आजी झाले की."

हे मी तिला सांगू शकले असते. सांगितलं नाही, आणि त्याचं मला आजही समाधान आहे. तिचं तिला दिसलं म्हणूनच ते टिकलं. त्याच आठवड्यात मुलगी मैदानावर परतली.

आयांनो, आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली, दहाच्या आत पाळी आली किंवा पंधरा पूर्ण होऊनही आली नाही, तर डॉक्टरांकडे जाच. सुरुवातीला पाळी मागेपुढे होतेच. पण दोन पाळ्यांत तीन महिन्यांहून जास्त अंतर पडलं, किंवा तीन वर्षांनंतरही ताळमेळ बसला नाही, तर दाखवा. वजन झपाट्याने वाढत असेल तर खेळ वाढवा, बंद करू नका. आणि 'मूल होईल का' हा प्रश्न दहा वर्षांच्या पोरीच्या कानावर पडू देऊ नका. तिला पॅड कसं बदलायचं ते कळलं पाहिजे, शाळेत कुणाला सांगायचं ते कळलं पाहिजे.

पाचव्या भेटीला ती बाई नवऱ्याला घेऊन आली, आणि विषय मुलीचा नव्हता. त्या चार वर्षांत तपासण्या फक्त तिच्याच झाल्या होत्या.